बर्थलमय कोकणात आला होता काय?

ओहोटी लागली की अलिबागच्या पुळणीवरून कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत पायी जाता येते, हे मुंबईकर मंडळींना ठाऊक असते. घोडागाडी, शहाळी, किल्ल्यातल्या गणपतीचे दर्शन, आणि मग परतीची बोट गाठायची घाई! पण वाटेत जरा कोळीवाड्याकडेही वळून पाहावे. होड्यांच्या सावलीत माणसे जाळी सांधत बसलेली दिसतात. येशूने हाक मारली तेव्हा त्याचे दोन शिष्य हेच काम करीत होते.

ते याकोब आणि योहान. त्यांचा बाप जब्दी बरा खाऊनपिऊन सुखी असावा, कारण होडीत पगारी गडी होते. मुले जाळी टाकून उठली आणि बाप गड्यांसह होडीतच राहिला. त्या बापाला काय वाटले, हे शुभवर्तमानात कोठेच नाही. पेत्र तर चांगला संसारी. त्याच्या सासूला ताप आल्याची हकीकत आहे, बायकोचे नाव मात्र नाही. मत्तय जकात नाक्यावरचा, म्हणजे लोकांच्या शिव्या खाणारा.

या बारांपैकी एक जण आपल्या कोकणात येऊन गेला, असे मानणारे विद्वान आहेत. थोमाची दक्षिणेतली कथा अनेकांनी ऐकलेली असते. पण हा थोमा नव्हे, बर्थलमय. 'तोलमायचा मुलगा' एवढाच या नावाचा अर्थ, म्हणजे ते बापाचेच नाव झाले. त्याचे स्वतःचे नाव नथनेल असावे, असा जुना तर्क आहे. हा नथनेल मोठा फटकळ. फिलिप्पाने येशूची बातमी आणताच, नासरेथातून काही चांगले निघेल काय, असे त्याने विचारले. फिलिप्पाने वाद घातला नाही. येऊन पाहा, म्हणाला. भेटीत येशूने सांगितले, की मी तुला अंजिराच्या झाडाखाली पाहिले होते. झाडाखाली काय घडले होते, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. नथनेल मात्र तेवढ्यावरच विरघळला.

आता कोकणाचा पुरावा. चौथ्या शतकातला इतिहासकार युसीबियस सांगतो, की अलेक्झांड्रियाचा पंडित पँटीनस दुसऱ्या शतकाच्या अखेरीस 'इंडिया'त गेला, तेव्हा तेथल्या लोकांपाशी बर्थलमयाने ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान हिब्रू लिपीत होते. पण ही इंडिया कोणती? त्या काळचे लेखक दक्षिण अरबस्तानाला आणि हबसाणालाही खुशाल इंडिया म्हणत! फादर पेरुमालिल आणि इतिहासकार मोराएस यांनी कल्याण-कोकणाचा पक्ष घेतला. कल्याण आणि चौल ही बंदरे पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये आहेत. सहाव्या शतकात कॉस्मसने कल्याणला इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले.

बरे, इथे हिब्रू कोणाला येत होती? अलिबागेच्या उत्तरेस नवगाव आहे. तेथे गलबत फुटून सात पुरुष व सात बायका वाचल्या आणि त्यांचे आपण वंशज, असे बेने इस्रायल सांगत आले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. अलिबागेत इस्रायल आळी आणि सिनेगॉग आहेत. बर्थलमय याच मंडळींकडे उतरला असेल, अशी साखळी जोडण्याचा मोह मलाही झाला. पण ती कडी टिकत नाही. त्यांच्याच कथेप्रमाणे त्यांचे ग्रंथ गलबताबरोबर बुडाले. राहिली ती शेमाची प्रार्थना, सुंता आणि शनिवार. हिब्रू ते पुन्हा शिकले ते १९व्या शतकात, मिशनऱ्यांच्या शाळांतून. त्यासाठी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत रचले!

(पलीकडच्या कोर्लईचे ख्रिस्ती पोर्तुगीज अमदानीतले, त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही.)

मला विचाराल तर हा दावा शक्य आहे, सिद्ध नाही. अर्मेनियावाले बर्थलमयाला आपलाच मानतात. तेथे त्याला जिवंत सोलून मारले, अशी परंपरा आहे. म्हणून रोमच्या सिस्टाइन चॅपेलमधल्या, १५४१ साली पुरा झालेल्या चित्रात तो आपलेच कातडे हातात धरून बसला आहे. त्या लोंबत्या कातड्यावरचा चेहरा मायकेलअँजेलोने स्वतःचा काढला, असे म्हणतात.