गृहयंत्रांचे आरोग्य, लेखांक नववा : मॉनिटरमधील फुगलेले कॅपॅसिटर

भिंतीतील २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आधी एकदिश कशी होते, मग एका अतिवेगवान इलेक्ट्रॉनिक खटक्याच्या हुकमतीखाली सेकंदास हजारो वेळा तोडली-जोडली जाऊन लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून बारा आणि पाच व्होल्टच्या रूपाने बाहेर कशी पडते, याची हकीकत मागील लेखांकात सविस्तर आली आहे. या आठवड्यात तीच हकीकत एका बंद पडलेल्या मॉनिटरच्या पोटात शिरून पडताळावयाची आहे. आणि ती पडताळणारा गृहस्थ कसबी कारागीर नसून, सोल्डरिंगची कांडी ज्याने आजवर हाती धरलेली नाही असा नवशिका आहे, हे गृहीत धरूनच पुढील विवेचन केले आहे.

दहा-पंधरा वर्षांमागे घेतलेला सतरा किंवा एकोणीस इंची एलसीडी मॉनिटर ‘काल अचानक गेला’ अशी जी फिर्याद ऐकू येते, ती बहुधा अक्षरशः खरी नसते. नीट चौकशी केली म्हणजे निष्पन्न होते की, थंडीच्या दिवसांत सकाळी पडदा उजळण्यास अंमळ वेळ लागू लागला होता. पुढे तो दोन-तीनदा बटण दाबल्याशिवाय उठेनासा झाला. मग चित्र क्षणभर दिसून मावळू लागले, किंवा समोरचा लहान दिवा एका लयीत मिणमिणत राहून आतून टक्-टक् असा बारीक आवाज येऊ लागला. आणि अखेरीस ज्या दिवशी यांपैकी काहीच घडले नाही, तो दिवस मृत्यूचा म्हणून घरात नोंदला गेला. ही सर्व लक्षणे एकाच विकाराच्या चढत्या पायऱ्या असू शकतात. पडदा काळा असताना त्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकून पाहावा. चित्र अंधुक का होईना, पण दिसले, तर पडदा शाबूत असून त्यामागचा प्रकाश तेवढा गेला आहे. काहीच दिसत नसेल आणि दिवाही लागत नसेल, तर संशय सरळ वीजपुरवठ्याच्या बोर्डावर घ्यावा. आणि या बोर्डावर पहिला आरोपी, अनुभवाने सांगावयाचे तर, इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर हाच असतो.

विद्युत्भार साठवून ठेवण्याची युक्ती फार जुनी आहे. १७४५-४६ च्या सुमारास जर्मनीत क्लाइस्ट आणि हॉलंडातील लायडन येथे मुशेनब्रुक यांनी काचेच्या बरणीत तो साठविला. परंतु बरणीची धारणशक्ती अल्प आणि आकार अवजड. दोन पत्र्यांमधील अंतर जितके कमी, तितकी धारणशक्ती अधिक, या नियमाचा पुरेपूर फायदा घ्यावयाचा तर मधला निरोधक थर कल्पनातीत पातळ हवा, आणि तो मिळाला ॲल्युमिनियमच्या अंगावर विजेच्या साहाय्याने चढविलेल्या ऑक्साइडच्या रूपाने. कारोल पोलाक याने १८९६ मध्ये या तत्त्वावरील कॅपॅसिटरचे पेटंट घेतले. आज जी बोटाच्या पेराएवढी डबी आपण पाहतो, तिच्यात ॲल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या मध्ये कागद घालून गुंडाळलेल्या असतात. कागद एका वाहक द्रवात भिजविलेला असतो. आणि व्होल्टमागे सुमारे दीड नॅनोमीटर एवढ्याच जाडीचा ऑक्साइडचा थर सारा भार पेलतो. हा द्रव निमूटपणे बसून राहणारा नव्हे. तो थराला पडलेली सूक्ष्म छिद्रे बुजवितो, विजेला ऑक्साइडपर्यंत पोहोचवितो, आणि वर्षानुवर्षे रबरी बुचातून कणाकणाने निसटतही राहतो.

पाठ्यपुस्तकांतून कॅपॅसिटरला गच्चीवरील पाण्याच्या टाकीची उपमा देण्याचा प्रघात आहे. पुरवठा खंडित झाला तरी घरातील धार चालू ठेवणे, एवढ्यापुरती ती यथार्थ आहे. पण आपल्या प्रस्तुत रोगाचे निदान तिच्यातून होत नाही, कारण रोगट टाकीत पाणी पुष्कळदा पुरेसेच असते, तिचा नळ तेवढा गंजून अरुंद झालेला असतो. द्रव आटू लागला की कॅपॅसिटरच्या अंतर्गत रोधात वाढ होते. या रोधाला धंद्यातील लोक ईएसआर म्हणतात. सेकंदास हजारो वेळा भार घ्यावयाचा आणि सोडावयाचा असताना हा रोध वाढला, म्हणजे सपाट बारा व्होल्टऐवजी खाचखळग्यांनी भरलेला पुरवठा पुढे जाऊ लागतो; नियंत्रक चिप तो नाकारते, पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा नाकारते; समोरच्या दिव्याचे मिणमिणणे आणि आतली टक्-टक् ही बहुधा याच घासाघिशीची असते. थंडीत द्रव अधिक जड होऊन रोध आणखी वाढतो, म्हणून पहाटेची कुरकुर. आणि यंत्र तापले की तो तात्पुरता घटतो, म्हणून दुपारचा विलक्षण आज्ञाधारकपणा. पण तोच रोध उष्णता निर्माण करतो, उष्णतेने द्रव अधिक आटतो, आणि आटल्याने रोध पुन्हा वाढतो. हे दुष्टचक्र एकदा फिरू लागले की ते आपोआप थांबत नाही.

उष्णतेचा हिशेब सोपा आणि बोलका आहे. कॅपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी उतरले की त्याची मुदत सुमारे दुप्पट होते. ज्या डबीवर १०५ अंश असे छापलेले आहे व जिची हमी त्या तापमानात २,००० तासांची आहे, ती ८५ अंशांत ८,००० तास आणि ६५ अंशांत ३२,००० तास टिकावी, अशी अपेक्षा असते. रोज आठ तास काम धरले तर पहिला आकडा तीन वर्षांच्या आतला आणि दुसरा अकरा वर्षांच्या आसपासचा आहे. एकाच साच्यातून निघालेले दोन मॉनिटर, एक वातानुकूलित कचेरीत आणि दुसरा पत्र्याच्या छपराखालील सायबर कॅफेत, इतके भिन्न आयुष्य का भोगतात, याचा खुलासा यातच आहे.

याखेरीज या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तैवानात तयार झालेल्या कॅपॅसिटरांचे पीक सदोष निघाले आणि जगभरचे मदरबोर्ड व मॉनिटर अकाली निकामी झाले, हा एक गाजलेला अध्याय आहे. रोध कमी राखण्यासाठी द्रवात पाण्याचे प्रमाण वाढविले गेले. पण पाणी ॲल्युमिनियमला खाऊ नये म्हणून जी द्रव्ये मिसळावी लागतात, ती नीट मिसळली गेली नाहीत. परिणामी आत हायड्रोजन वायू कोंडू लागला. द्रवाची कृती चोरताना अर्धवट चोरली गेली, अशी जी वार्ता त्या काळी वृत्तपत्रांतून पसरली, ती रंजक आहे खरी, पण दुरुस्ती करणाऱ्याला वायूची माहिती अधिक उपयोगी. डबीच्या माथ्यावर अधिकाचे किंवा इंग्रजी के अक्षरासारखे जे चिरे पाडलेले असतात, ते कोंडलेल्या वायूला वाट देऊन स्फोट टळावा यासाठीच. माथा टेकडीसारखा वर आलेला, चिऱ्यातून तपकिरी खरपुडी डोकावणारी, अथवा खालचे बूच ढकलले जाऊन एका बाजूला कललेली डबी दिसली, तर पुढील तपासाची आवश्यकता नाही. उलट माथा सपाट असला म्हणजे डबी निर्दोष, असा निवाडा मात्र देऊ नये. द्रव नुसता आटून गेलेला कॅपॅसिटर फुगत नाही. आणि साधा मल्टिमीटर धारणशक्ती मोजून त्याला बिनदिक्कत उत्तीर्ण करतो, कारण हा अंतर्गत रोध मोजणे हे त्याचे कामच नव्हे.

आता खोलण्याविषयी, आणि येथे थोडी कठोर भाषा वापरणे प्राप्त आहे. बोर्डावर एका बाजूस अंगठ्याएवढा जाड, ४०० किंवा ४५० व्होल्ट असे लिहिलेला एक मोठा कॅपॅसिटर असतो. २३० व्होल्टचे एकदिशीकरण झाल्यावर त्यात सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि प्लग काढून ठेवल्यावरही ते काही काळ तेथेच वास करतात. काही बोर्डांवर हा भार उतरविणारा रोधक असतो. त्याच्या भरवशावर हात घालणारा माणूस शूर नव्हे, अविचारी आहे. प्लग काढून बराच वेळ थांबावे. मग साध्या तारेच्या बल्बच्या होल्डरला जोडलेल्या दोन निरोधक वायरींची टोके त्या कॅपॅसिटरच्या दोन पायांना लावावीत, आणि मीटरने उरलेला दाब तपासून तो चार-दोन व्होल्टांखाली आल्याची खात्री करावी. पेचकस आडवा घालून ठिणगी पाडण्याची जी पद्धत काही दुकानांत दिसते, ती अनुकरणीय नाही. पडद्याच्या कडेला जाणाऱ्या जाड आवरणाच्या गुलाबी-पांढऱ्या वायरींवर, पडद्यामागचा प्रकाश नळ्यांचा असल्यास, यंत्र चालू असताना सातशे-आठशे व्होल्ट सहज असतात; चालू स्थितीत त्यांच्या वाटेस जाऊच नये.

पडदा मऊ चादरीवर पालथा ठेवावा, पायाचे स्क्रू काढावेत, आणि कडेच्या फटीत जुने एटीएम कार्ड सरकवीत खटके एकेक करून सोडवावेत. पेचकसाने उचकटलेली चौकट पुन्हा कधीच नीट बसत नाही. पत्र्याचे कवच उघडले की तपकिरी बोर्ड समोर येतो. सर्वप्रथम त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि प्रत्येक डबीची ऋण बाजू, म्हणजे जिच्यावर वजाच्या खुणांची पट्टी छापलेली असते ती, बोर्डावर कोणत्या दिशेला आहे हे कागदावर मांडावे. बोर्डावर छापलेल्या अर्धवर्तुळाकार खुणांवर विसंबणे धोक्याचे, कारण सगळे कारखाने ती खूण एकाच अर्थाने वापरत नाहीत.

खरेदीसाठी मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आणि पुणेकरांना बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ठाऊक असतेच. ‘शेठ, हजार मायक्रो पंचवीस व्होल्ट, एकशे पाच डिग्री, लो ईएसआर,’ एवढे वाक्य पाठ करून जावे. ‘पंच्याऐंशीवाला देऊ का? काम तेच करतो,’ असा प्रतिप्रश्न हमखास येतो. काम तो तेच करतो, पण वरच्या हिशेबाने त्याच उष्णतेत आणि त्याच तासांच्या हमीने त्याचे आयुष्य चौथाई भरते. तेव्हा नम्रपणे नकार द्यावा. धारणशक्ती मूळचीच घ्यावी, व्होल्टचा आकडा मूळचा किंवा त्याहून वरचा चालतो, खालचा कदापि नाही. डबीची जाडी व उंची मोजून न्यावी. कवच बसेना म्हणून परत फेरी घालावी लागणे ही नित्याची गंमत आहे. जुन्या भंगार बोर्डावरचे कॅपॅसिटर उपटून वापरणे ही काटकसर नव्हे. फुगलेल्या एका डबीचे शेजारीही त्याच उष्णतेत तितकीच वर्षे राहिलेले असतात, म्हणून दुय्यम बाजूच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपलीकडील बारा-पाच व्होल्टच्या अंगाच्या, साऱ्याच डब्या एकदम बदलाव्यात. ‘पूर्ण बोर्डच बदलावा लागेल’ असे दुकानदार सांगतो ते लबाडीनेच असे नाही. पाच-पंचवीस रुपयांच्या डब्या शोधून बदलण्यात त्याचा जो तास जातो, त्याचे मोल गिऱ्हाईक देत नाही, हे त्याला पुरते माहीत असते. घरच्या माणसाचा तास मात्र त्याचा स्वतःचा आहे.

डाख काढताना घाई नडते. १ जुलै २००६ पासून युरोपात शिसेरहित डाखाचा नियम अंमलात आल्यावर बहुतेक बोर्डांवर तोच दिसतो, आणि तो २१७ अंशांच्या पुढे वितळतो. म्हणून कांडीने नेहमीचा शिसेयुक्त साठ-चाळीस डाख त्या सांध्यावर थोडा वाढवावा, म्हणजे मिश्रण लवकर पातळ होते. मग एक पाय तापवून डबी हलकेच कलती करावी, दुसरा तापवून दुसरीकडे, आणि अशा आलटून-पालटून हालचालीने ती सैल करावी. उरलेला डाख सकरने खेचून घ्यावा. कांडी एका जागी फार वेळ धरली तर बोर्डाखालील तांब्याची पट्टी पापुद्र्यासारखी सुटून येते, आणि मग एका डबीच्या दुरुस्तीतून वायर जोडण्याची दुसरी दुरुस्ती उपजते. नवा कॅपॅसिटर बसविताना लांब पाय धन बाजूला. एक डबी काढून तिच्या जागी नवी बसेपर्यंत दुसरीला हात लावू नये, म्हणजे दिशांचा घोटाळा होत नाही.

पाठ बंद करण्यापूर्वी मॉनिटर थेट प्लगमध्ये न घालता १०० वॅटच्या तारेच्या बल्बशी क्रमाने जोडून चालू करावा. कारागीर याला सीरिज बल्ब म्हणतात. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर मोठा कॅपॅसिटर भरून पुरवठा सुरळीत लागला असे समजावे. तो पूर्ण तेजाने जळतच राहिला, तर प्राथमिक, म्हणजे २३० व्होल्टच्या, बाजूस कोठेतरी शॉर्ट आहे आणि थेट जोडणी केली असती तर फ्यूज गेला असता. चित्र उजळून पुन्हा दोन सेकंदांनी मावळत असेल, तर कॅपॅसिटरांनी आपले काम केले असून दोष नळ्यांकडे किंवा त्यांना चेतविणाऱ्या इन्व्हर्टरकडे आहे. त्यांचा परामर्श पुढील लेखांकात.