सशाचे कलम

वरुड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात. मुळांचा दम जंबेरीचा, फळ संत्र्याचे. मानवी प्रथिने शोधण्यासाठी संशोधक जी ‘रॅबिट मोनोक्लोनल’ प्रतिपिंडे (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या सशाच्या अँटिबॉडी) मागवतात, ती याच युक्तीतून जन्मली.

प्रतिपिंड तयार करणारी पेशी शरीराबाहेर फार दिवस तगत नाही. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या अशा पेशीचा कर्करोगी पेशीशी संकर केला. एकीने नेमके प्रतिपिंड दिले, दुसरीने न संपणारी वाढ. १९८४ साली दोघांना नोबेल मिळाले. पण माणसाची काही प्रथिने उंदराच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की उंदराचे शरीर त्यांना परके मानतच नाही. ससा इथे उजवा ठरतो. उंदराच्या नजरेतून निसटणारे बारीक फरक तो पुष्कळदा टिपतो, आणि त्याची प्रतिपिंडे घट्ट चिकटतात.

मग सशाचे कलम का नाही बांधले? बांधून पाहिले; उंदराच्या खुंटावर सशाचा डोळा टिकेना. संकरित पेशी अस्थिर निघत, प्रतिपिंड देणे थांबवत. खुंटही सशाचाच हवा होता, आणि तशी कर्करोगी पेशी सशात सहजी मिळत नव्हती. शिकागोच्या लोयोला विद्यापीठात कॅथरीन नाइट यांच्या प्रयोगशाळेने कर्करोगाची दोन जनुके घातलेले ससे तयार केले आणि त्यांच्यातून हवा तो खुंट मिळवला. केवढी चिकाटी! १९९५ च्या त्या शोधनिबंधावर पहिले नाव हेल्गा स्पीकर-पोलेट यांचे आहे. कोलर-मिलस्टाइन पाठ्यपुस्तकांत पोचले. या दोघींची नावे मात्र आपल्या विद्यार्थ्यांच्या कानावरही येत नाहीत. हा अन्याय आहे.

त्यांनी उघडलेली वाट आज थेट रुग्णापर्यंत जाते. स्तनाच्या कर्करोगाच्या अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ (इस्ट्रोजेन रिसेप्टर हे प्रथिन सापडले) असे लिहिलेले असते, त्यावर टॅमॉक्सिफेनसारखे औषध द्यायचे की नाही ते ठरते. ईआर शोधण्यासाठी एसपी-१ आणि हर-टू या दुसऱ्या प्रथिनासाठी ४बी५ ही सशाची प्रतिपिंडे जगभर वापरली जातात.

तरीही ‘रॅबिट मोनोक्लोनल’ या शिक्क्यावर डोळे झाकून विसंबू नये. ईआरचेच भावंड असलेल्या ईआर-बीटा प्रथिनासाठीची १३ प्रतिपिंडे २०१७ मध्ये तपासली गेली. सगळ्या कसोट्यांना उतरले फक्त एक, आणि तेही उंदराचे! ते वापरून पाहिले, तर स्तनाच्या ऊतीत ते प्रथिन सापडलेच नाही. आधीच्या कितीतरी निष्कर्षांचा पायाच त्यामुळे डळमळला.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत संशोधन करणाऱ्या मुलामुलींना म्हणूनच कळकळीने सांगतो: प्रतिपिंड मागवण्याआधी कंपनीकडे एक पुरावा मागा. त्या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या पेशींवर ते वापरले, तर खूण नाहीशी होते का? उत्तर मिळाले नाही तर स्वतः तपासा, आणि तोवर त्याच्या भरवशावर एक ओळही छापू नका.