ग्रुपची वाट बघाल तर सीझन जाईल

ग्रुपचं नाव 'भिगवण फिक्स'. मेंबर नऊ. डिसेंबरात तयार झालेला. पहिल्या दिवशी साठ-सत्तर मेसेज. पहाटे पाचला निघायचं, कुणाची गाडी, कोण डबलसीट, पोह्यांचा डबा कोण आणणार, सगळं ठरलेलं. मग एकाची प्रॅक्टिकल आली, दुसऱ्याच्या मामाचं लग्न निघालं, तिसऱ्याला घरून गाडी मिळेना. जानेवारीत ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक. मार्चमध्ये कुणीतरी गुपचूप 'लेफ्ट' झालं. तोवर फ्लेमिंगो येऊन, राहून, निघूनही गेले. बारामतीपासून जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरवर.

तुमच्याही फोनमध्ये असा एक ग्रुप आहे ना? मग पुढचं वाचा.

कट्ट्यावरचं एक पेटंट वाक्य आहे, 'आपल्याकडं काही नसतंच यार.' कॉन्सर्ट पुण्यात, फेस्टिव्हल मुंबईत, आपल्याकडं उसाच्या ट्रॉल्या. पुण्यातल्या कुणीतरी स्टेजसमोरची रील टाकली की आपण हार्ट टाकायचं आणि कॅन्टीनमध्ये दुसरा चहा सांगायचा. मीही इंदापूर तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीनं बारामतीला कॉलेजला यायचे आणि हेच म्हणायचे. खरं सांगू? अडचण 'काही नसतं' ही नव्हतीच. एकटीनं जायची भीती वाटायची. तिथं गेल्यावर कुठं बसायचं, काय बोलायचं, टाळ्या कधी वाजवायच्या, आपण गावाकडचे आहोत हे लगेच कळेल का, असली भीती. ती कुणी बोलून दाखवत नाही. त्यापेक्षा 'बोअर असतं ते' म्हणणं सोपं.

सुरुवात जवळून करा. भिगवण.

उजनी धरणाचं बॅकवॉटर भिगवण, डिकसळ, कुंभारगावच्या बाजूला पसरलेलं आहे. पावसाळ्यात ते तुडुंब भरतं आणि पुढं कालव्यांना पाणी सुटेल तसं ओसरत जातं. ओसरलं की कडेची उथळ, चिखलाची जमीन उघडी पडते आणि तिथंच फ्लेमिंगोचं जेवण असतं. आपल्याकडं त्याला रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. चोच उलटी करून तो पाणी आणि चिखल गाळतो आणि त्यातलं शेवाळ, बारीक जीव खातो. त्याचा गुलाबी रंगही त्याच खाण्यातून येतो. म्हणून नोव्हेंबरात घाई करू नका. जानेवारीनंतर, पाणी उतरलं की जा. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून इथं येतात. तो पक्षी हिमालय ओलांडतो आणि आपल्याला भिगवणचा फाटा ओलांडायला गाडी मिळत नाही!

पहाटे पोचा, उन्हं वर यायच्या आत. मच्छीमारांच्या होड्या असतात. एकटे असाल तर काठावर थोडं थांबा, दोघा-तिघांची कुठली तरी टोळी येतेच. त्यांच्यात होडी शेअर करा, पैसे वाटले जातात. एक कृपा करा. 'काका, जरा जवळ घ्या ना, उडताना फोटो पाहिजे,' हे म्हणू नका. पोटभर खायला आलेल्या पाखरांना तुमच्या स्टेटससाठी दर दहा मिनिटांनी का उठवायचं? त्यापेक्षा होडीवाल्याला या पाण्याखाली काय आहे ते विचारा. उजनी १९८० साली पूर्ण झालं आणि भीमाकाठची किती तरी गावं जागची उठली. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की ते वर येतं आणि लोक बघायला जातात. होडीवाला सांगेल, आमचं जुनं घर त्या तिकडं होतं. तो दाखवतो तिथं फक्त पाणी असतं. ते ऐकल्यावर परतताना गाडीवर कुणी फार बोलत नाही. आणि हो, चिलापीचं कालवण खाल्ल्याशिवाय परत येऊ नका.

आता गाण्याकडं येऊ, कारण भीती तिथं जास्त असते.

लाइव्ह म्युझिक म्हटलं की डोळ्यांसमोर एलईडी स्क्रीन आणि मनगटावरचा बँड येतो. पण तुमच्यातले निम्मे जण लहानपणापासून दरवर्षी शेकडो लोकांचं लाइव्ह म्युझिक ऐकत आलेत, फक्त त्याला तसं म्हणत नाहीत. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत शारदा प्रांगणात मुक्कामाला असते. तिथून काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी आणि पुन्हा इंदापुरात रिंगण. आपण काय करतो? राजगिऱ्याचे लाडू वाटतो, घोडा धावताना व्हिडिओ काढतो आणि ट्रॅफिकला शिव्या देतो.

या आषाढात एक करून बघा. बेलवाडीला घोड्यांच्या तासभर आधी जा आणि फोन खिशात ठेवून एखाद्या दिंडीला खेटून उभे राहा. आधी पताकावाले धावतात, मग तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका, विणेकरी, टाळकरी, मृदंगवाले. सगळ्यांत शेवटी अश्व. टाळकऱ्यांची रांग पावली टाकायला लागली की टाळांचा आवाज आधी कानाला लागतो, मग दातांत जातो. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, त्यातून तो खोल धुम निघतो. तो छातीत ऐकू येतो. फोनच्या इवल्या स्पीकरमधून हा खालचा आवाज निघतच नाही, त्यामुळं रीलमध्ये तुम्ही जे ऐकता तो अर्धाच मृदंग असतो. आमचे आप्पा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. वीस वर्षं त्यांचा पखवाज घरात ऐकला, पण तो 'ऐकण्यासारखा' आहे हे मला बेलवाडीच्या मैदानात कळलं. तेही दुसऱ्याच कुणाच्या तरी हातून.

जत्रेतल्या तमाशाचंही तसंच. चैत्रात गावोगावी फड येतात. पोरं मागं उभी राहून शिट्ट्या मारतात आणि ढोलकीवाला काय करतोय हे एकाही पठ्ठ्याला दिसत नाही. मुलींना तर तिथं उभं राहायलाच जागा नसते. हे कधी बदलणार, हा प्रश्न शिट्ट्या मारणाऱ्यांनी स्वतःला विचारायचा आहे.

बारामतीत नाटक-गाण्याचे कार्यक्रम होतात. विद्या प्रतिष्ठानच्या ग. दि. मा. सभागृहात होतात, नटराज नाट्य कला मंडळ आहे. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर पत्रक लागतं आणि त्याच्यावर परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलं जातं. ते जरा उचकटून बघत जा. नाही तरी हे मोरोपंतांचं गाव आहे. अठराव्या शतकात ते इथं बसून आर्या लिहीत होते आणि कीर्तनकार त्या गावोगाव गाऊन पोचवत होते. तेव्हाचा लाइव्ह सर्किटच तो.

आणि मग एकदा पुणं. माझं पहिलं 'सवाई' सेकंड इयरला झालं. त्याची गोष्ट सांगते, कारण त्यात मी जे जे चुकले ते तुम्हाला टाळता येईल.

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या आठवणीत सुरू केला. हे भीमसेनजी अकरा वर्षांचे असताना गुरू शोधायला गदगहून पळाले होते. खिशात पैसे नाहीत, रेल्वेत विनातिकीट. कारण काय, तर दुकानातल्या ग्रामोफोनवर अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं ऐकलं होतं. रेकॉर्ड ऐकून पोरगं घर सोडतं, आणि आपण? (घर सोडू नका. तिकीट काढा.)

मी जायचं म्हटलं तर घरात पहिला प्रश्न, 'कोण कोण आहे बरोबर?' मी म्हटलं, कुणी नाही. आप्पा म्हणाले, 'मग काय काम आहे तिकडं?' दोन दिवस अबोला. शेवटी रविवारचं दुपारचं सत्र, संध्याकाळी पाचला तिथून निघायचं, स्वारगेटला पोचल्यावर फोन, एसटीत बसल्यावर फोन, या बोलीवर परवानगी मिळाली. हा सौदा तुम्हीही करू शकता. महोत्सव डिसेंबरात असतो, अलीकडं मुकुंदनगरला भरतो, म्हणजे स्वारगेटपासून जवळ. रविवारी तो दुपारीच सुरू होत आलाय. रात्रीचं ऐकायचं असेल तर पुण्यात झोपायची सोय आधी बघा, आणि शेवटच्या गाडीची वेळ ॲपवर नको, स्टँडवर खिडकीत जाऊन विचारा. मुलींनो, मार्च २०२३ पासून एसटीत आपलं तिकीट अर्धं आहे, हा मुद्दा घरच्या वाटाघाटीत वापरा. तिकिटांत स्वस्त ती भारतीय बैठक. मागं जमिनीवर बसायचं. शाल न्या, उन्हं उतरली की गार लागतं. मी नेली नव्हती.

पहिली चूक म्हणजे मी तानपुरे जुळवायला लागले तेव्हा टाळ्या वाजवल्या. शेजारच्या आजींनी फक्त एकदा बघितलं. दुसरी चूक, गाणं चालू असताना वडापाव आणायला उठले. उठायचं असेल तर एक चीज संपल्यावर, मधल्या वेळात. तिसरी चूक सगळ्यांत मोठी होती. पहिला अर्धा तास मी 'हा राग कुठला' हे फोनवर शोधत बसले. राग ओळखता आला नाही म्हणजे आपल्याला गाणं कळत नाही, असं वाटत होतं. आजूबाजूला सगळे डोळे मिटून माना हलवतायत आणि मला आत काहीच होत नाहीये. उठून स्वारगेट गाठावं असं वाटलं. खरंच बॅग उचलली होती.

त्या आजीच म्हणाल्या, 'तबल्याकडं बघ. सम धर.'

ही युक्ती मी तुम्हाला फुकट देते. विलंबित ख्याल सुरू असतो तेव्हा तबला एक ठरलेलं आवर्तन पुन्हा पुन्हा वाजवत असतो. तीनताल असेल तर सोळा मात्रांचं. त्याची पहिली मात्रा म्हणजे सम. गाणारा मधे कुठंही भटकतो, वर जातो, खाली येतो, पण बरोबर त्या मात्रेला मुखडा घेऊन येऊन पडतो. ती कधी येणार हे कळत नसेल तर जुन्या श्रोत्यांच्या मानांकडं बघा, सगळ्या एकदम झुकतात. पाच-सहा आवर्तनं बघितली की आपणही मनात मोजायला लागतो. आता येणार, आता येणार... मग गाणारा मुद्दाम उशीर करतो, शेवटच्या क्षणी येतो आणि अख्ख्या मांडवातून 'वाह' निघतं. तुमच्याही तोंडून निघतं. क्रिकेटमध्ये शेवटच्या बॉलला दोन रन हवे असतात ना, तसं. द्रुत लयीत हे सगळं इतक्या वेगात होतं की मोजायचं सुटतं. सुटू द्या.

चार वाजेपर्यंत मी एकदाही फोन बघितला नव्हता. पाचला उठायचं होतं, सव्वापाचला उठले. आजींना नमस्कार केला तर म्हणाल्या, 'कुठून आलीस?' इंदापूरकडून म्हटल्यावर त्यांनी सरकून शेजारच्या बाईंना सांगितलं, 'बघा, इंदापूरहून आलीये.' मी ज्याला घाबरत होते ते हेच, गावाकडची म्हणून कळणं. त्या तर कौतुकानं सांगत होत्या.

सगळेच तसे भेटतील असं नाही. नंतर एका रॉक गिगला मी एकटीच गेले, दोन तास भिंतीला टेकून उभी राहिले, आवाजानं कान दुखले आणि कुणी एक शब्द बोललं नाही. परत त्या प्रकाराला गेले नाही. निदान आता नाही आवडत हे तिकीट काढून सांगते.

त्या रविवारी रात्री घरी पोचायला उशीर झाला. आप्पा फाट्यावर गाडी घेऊन थांबले होते. निम्म्या रस्त्यापर्यंत गप्प. मग म्हणाले, 'तबला कुणाचा होता?' मला नाव आठवेना. 'लय कशी होती?' मी मांडीवर हात आपटून दाखवलं, एक ते सोळा, आणि सम आली तशी त्यांची मान पुढं झुकली. गाडीचा वेग कमी झाला. जरा वेळानं विचारलं, 'खाली बसायला सतरंजी असती, का आपली आपण न्यायची?'