मोबाईलवरची जाहिरात : प्रोग्राम लावणारी यंत्रे आणि आपला धंदा



गेल्या दोन-तीन हंगामांत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत नि फोनांत एक नवाच प्रश्न वरचेवर येऊ लागला आहे. उसाचा दर, खोडव्याचे खत, बिलाचा हप्ता हे विषय नेहमीचेच. परंतु आता कुणाचा मुलगा गुळाची पावडर करून विकतो, कुणाच्या सुनेने बचत गटामार्फत काकवी आणि चटण्या बाटल्यांत भरून पुण्या-मुंबईस धाडायला सुरुवात केली आहे, कुणी उसाच्या रोपांची रोपवाटिका काढली आहे. ही मंडळी विचारतात, "अहो, फेसबुक झालं, इन्स्टाग्राम झालं, यूट्यूब झालं. सगळीकडे रोज काहीतरी टाकायचं म्हटलं तर शेतावर जायचं कधी? आपोआप टाकणारं काहीतरी असतं म्हणे. त्यातलं कोणतं घ्यावं?"

प्रश्न रास्त आहे. आमच्या गावच्या एका महिला बचत गटाच्या पानाचे काम आम्ही स्वतः काही काळ पाहिले असल्यामुळे, चार गोष्टी अनुभवाने सांगता येतील.

प्रथम हे यंत्र करते काय? आपल्याला समजावयास अवघड नाही. गट ऑफिसात लागणीची तारीख नोंदवली जाते, तारखेप्रमाणे तोडीचा प्रोग्राम लागतो आणि पाळी आली की टोळी फडात उतरते. (प्रत्यक्षात पाळी कशी येते यावर आज बोलावयाचे नाही, तो या लेखाचा विषय नव्हे.) तसेच येथे. रविवारी रात्री बसून आठवड्याचे फोटो आणि मजकूर भरून ठेवायचे, वार-वेळ लावायची, की ठरल्या वेळी ते आपोआप प्रसिद्ध होतात. आलेल्या प्रश्नांना एका जागी बसून उत्तरे देता येतात आणि कोणता मजकूर किती लोकांनी पाहिला याचा हिशोबही मिळतो.

या धंद्यातले जुने नाव हूटसूट. कॅनडातील व्हँकूव्हर शहरी रायन होम्स यांनी २००८ साली ते सुरू केले. पुष्कळ वर्षे त्याची एक फुकट योजना होती आणि लहान दुकानदार तिच्यावरच काम भागवीत. २०२३ साली ती बंद झाली. त्या वेळी सर्वांत खालची पगारी योजना वर्षाच्या कराराने घेतली तरी महिना ९९ डॉलर पडत होती, म्हणजे आपले आठ हजार रुपये. काकवीच्या किती बाटल्या विकल्यावर आठ हजार सुटतात ते गटातल्या बायकांना विचारा! मोठ्या संस्थांत एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासायचे, तिसऱ्याने मंजुरी द्यायची अशी व्यवस्था लागते. तेथे हे यंत्र शोभते. शिकागोचे स्प्राउट सोशल हेही त्याच पंक्तीतले. आपल्या माणसाने त्यांच्या वाटेस जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरे बफर. इंग्लंडमधील जोएल गॅस्कॉइन या तरुणाने २०१० साली ते काढले. या कंपनीची एक गोष्ट सहकारातल्या माणसाला आवडावी : २०१३ पासून ती आपल्या नोकरांचे पगार, मालकाच्या पगारासकट, जाहीर करते. वार्षिक अहवालात आकडा शोधत बसण्याची आपल्याला सवय, म्हणून सांगितले. असो. बफरची फुकट योजना हे लिहिताना चालू आहे. तीन ठिकाणे जोडता येतात आणि प्रत्येक ठिकाणी एका वेळी दहा मजकूर रांगेत ठेवता येतात. त्यापुढे दर ठिकाणामागे पैसे. आठवड्यात तीन-चार वेळा टाकणाऱ्या घरगुती धंद्याला दहा पुष्कळ झाले. मांडणी इतकी साधी आहे की बारावी झालेल्या मुलीने एका दुपारी ती आत्मसात केली.

तिसरे आपल्याच देशातले, झोहो सोशल. झोहोचे मुख्य ठाणे चेन्नईस. तिचे संस्थापक श्रीधर वेंबू हे तेनकाशीजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले आणि तेथून कारभार पाहू लागले, हे पुष्कळांनी वाचले असेल. बिल रुपयांत होते, डॉलरचा भाव पाहत बसावे लागत नाही. दर माणशी नव्हे, तर एका नाममुद्रेमागे असतो. गूळ, काकवी, चटणी सगळे एकाच नावाने विकणाऱ्या गटास हे बरे पडते. ज्यांचा धंदा खरोखर वाढला आहे, दोन-तीन माणसे पानावर काम करतात, त्यांनी हे पाहावे.

आणि चौथे, ज्याची जाहिरात कुणी करीत नाही म्हणून ते लोकांस ठाऊक नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांची मालक कंपनी मेटा, तिचे स्वतःचे मेटा बिझनेस सूट. पैसे नाहीत. दोन्हीकडचा मजकूर एका पंचांगात मांडता येतो, दोन्हीकडचे निरोप एकाच पेटीत येतात. यूट्यूबवरही व्हिडिओ चढवताना प्रसिद्धीची तारीख-वेळ लावण्याची सोय फुकट आहे. सुरुवात करणाऱ्याने येथूनच करावी. बफर किंवा झोहो यांचा विचार नंतर, आणि गरज पडली तरच.

एक गोष्ट मात्र चारही ठिकाणी सारखी. यंत्र कुणाचेही असो, पाणी कालव्याचे. आपण शेतात पाट कितीही चांगला काढला तरी वरून पाणी सुटले नाही तर पाट काय करणार? २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरच्या यंत्रांना दिलेली फुकट वाट बंद केली, तेव्हा या कंपन्यांची तारांबळ उडाली. त्याच वर्षी ट्वीटडेक हे लोकांच्या सवयीचे फुकट साधनही पगारी झाले. आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी तर फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली होती. म्हणून गिऱ्हाइकांची नावे, गाव आणि फोन नंबर एका साध्या वहीत उतरून ठेवावे. हे आम्ही पुन्हापुन्हा सांगत आलो आहोत.

व्हॉट्सॲपचे वेगळे आहे. आपला निम्म्याहून अधिक धंदा तेथेच होतो, आणि वरील यंत्रे गावच्या ग्रुपवर काही टाकून देत नाहीत. त्यासाठी धंद्याचे वेगळे व्हॉट्सॲप आहे, तेही फुकट. मालाची यादी लावता येते, आपण शेतात असताना आपोआप उत्तर जाते. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ माणसे बसतात, परंतु ज्यांनी आपला नंबर जपून ठेवला आहे त्यांनाच निरोप पोचतो. "एका दमात दहा हजार लोकांना मेसेज" असे सांगून प्रोग्राम विकणारे अलीकडे तालुक्याच्या गावी हिंडत आहेत. ते व्हॉट्सॲपच्या नियमाबाहेरचे आहे. त्या नंबरावरचे व्हॉट्सॲपच बंद होऊ शकते, आणि मग पंचाईत.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो. होळीचा आठवडा होता. बचत गटाच्या पानावर आम्ही चार दिवसांचा मजकूर रांगेत लावून ठेवला होता. होळीच्या सकाळी सातला जाणार होता तो असा : "आनंदीआनंद! आज घरोघरी आपल्या गुळाची पुरणपोळी!" आदल्या संध्याकाळी शेजारच्या तालुक्यात गारा पडल्या. आम्ही रात्री बातम्या ऐकल्या, हळहळलो आणि झोपलो. रांगेतला मजकूर आमच्या ध्यानातच आला नाही. यंत्राला गारपीट काय ठाऊक? सातला त्याने आपले काम चोख केले. साडेसातला खाली एका जुन्या गिऱ्हाइकाचे उत्तर आले, "माझ्या द्राक्षबागेचा चिखल झालाय. तुमच्या घरी आनंदीआनंद आहे का?"

आम्ही मजकूर लगेच काढला. पण तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते, म्हणून फोन केला. गृहस्थ रागावून बोलले नाहीत. अर्धा तास बागेबद्दलच सांगत राहिले : माल आठ दिवसांत उतरायचा होता, व्यापारी येऊन दर ठरवून गेला होता. आमच्याकडे बोलायला काही नव्हते, आम्ही ऐकत राहिलो. पुढे त्यांनी गुळाची मागणी केली नाही. तेव्हापासून गटाने नियम केला आहे : तीन दिवसांपलीकडचे काही लावायचे नाही, आणि सकाळी सहाला कुणीतरी एकीने हवामान नि गावची बातमी पाहून मगच रांग पुढे जाऊ द्यायची. गावात कुणी गेले तर त्या दिवशीचे सगळे थांबवायचे. सर्वच यंत्रांत तशी सोय आहे, फक्त माणूस जागा हवा.

याहून मोठा विषय ताब्याचा. याच गटाचे पहिले पान शहरातल्या एका जाहिरातवाल्याने काढून दिले होते. बायकांना त्यातले काही कळत नव्हते, त्याने सांगितले तेवढे पैसे महिन्याच्या महिन्याला देत गेल्या. दोन वर्षांनी पैशावरून बिनसले. तेव्हा उघड झाले की पान त्याच्याच खात्यावर आहे. सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि आपण विहीर खणत बसलो, असा प्रकार. दोन वर्षांचे फोटो, लोकांनी लिहिलेल्या चांगल्या गोष्टी आणि जमवलेले गिऱ्हाईक, सगळे तिकडेच राहिले. पानावरचा फोन नंबरही त्याचाच होता.

म्हणून कोणतेही यंत्र घेण्याआधी आपल्या पानाच्या सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण ताबा कुणाकडे आहे ते पाहावे. तेथे घरच्या किंवा गटाच्या दोन माणसांची नावे असावीत. एकच नको, कारण मोबाईल हरवतो, माणूस आजारी पडतो. बाहेरच्याला कामापुरताच प्रवेश द्यावा, तो केव्हाही काढता येतो. आणखी एक खूण : चांगले यंत्र तुमचा पासवर्ड मागत नाही. ते तुम्हाला फेसबुकच्या दारात नेते आणि तेथे तुमची परवानगी घेते. जो वहीवर पासवर्ड लिहून मागतो, त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

गटाने नवे पान काढताना अध्यक्षा आणि सचिव दोघींची नावे लावली आहेत, आणि नंबर गटाचाच दिला आहे. जुने पान अजून चालू आहे. त्यावर काकवीची मागणी करणारे लोक अजून येतात. त्यांना उत्तर कोण देते, देते की नाही, हे गटाला कळावयास मार्ग नाही.