कमी स्पिनचा ड्रायव्हर नक्की कोणासाठी?

'कमी स्पिनच्या ड्रायव्हरने बॉल लांब जातो का?' संशोधनाचा प्रश्न म्हणून हा कसा वाटतो? एक कारण, एक परिणाम, आणि अंतर मोजायला सोपं. सिनॉप्सिसमध्ये असा प्रश्न लिहिला तर बहुतेक गाइड मान डोलावतील. गंमत अशी की 'हो' हेही उत्तर बरोबर आहे आणि 'नाही' हेही. असं का होतं ते कळलं, तर तुमच्या स्वतःच्या विषयातले असे प्रश्न ओळखणं सोपं जाईल, म्हणून आज गोल्फ.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांबचा फटका मारायची काठी. तिचं डोकं मोठं आणि आतून पोकळ असतं, पण नियमाप्रमाणे 460 घन सेंटीमीटरपेक्षा मोठं चालत नाही. पुढचा पृष्ठभाग, म्हणजे फेस, थोडा मागे कललेला असतो. या कलण्याला लॉफ्ट म्हणतात, तो साधारण 8 ते 12 अंशांचा. या तिरकेपणामुळे बॉल वर उडतो आणि त्याच वेळी उलटा फिरतो, म्हणजे त्याला बॅकस्पिन मिळतो. मोठ्या स्पर्धांतल्या व्यावसायिकांचा बॉल ड्रायव्हरवरून सुटताना मिनिटाला साधारण 2500 ते 2700 फेरे घेत असतो.

हा स्पिन बॉलला हवेत धरून ठेवतो. 1890 च्या दशकात एडिनबरोच्या पीटर गथ्री टेट या भौतिकशास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं की गोल्फचा बॉल इतका वेळ हवेत राहतो तो बॅकस्पिनमुळेच. (त्यांचा मुलगा फ्रेडी 1896 आणि 1898 मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकला. घरातच इतका चांगला विषय मिळणं हे संशोधकाचं नशीबच!) फिरणारा बॉल हवेला खाली ढकलतो आणि हवा बॉलला वर. या वरच्या ढकलण्याला आपण लिफ्ट म्हणू.

आता कागद-पेन घ्या. बॉलचं वजन जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं बल सुमारे 0.45 न्यूटन. व्यास कमीत कमी 42.67 मिलिमीटर. वेगवान खेळाडूचा बॉल सेकंदाला 75 मीटरने सुटतो, म्हणजे ताशी 270 किलोमीटर. 2600 फेऱ्यांना लिफ्टचा गुणांक ढोबळपणे 0.15 धरला तर लिफ्ट येते 0.7 न्यूटन. म्हणजे बॉलच्या वजनापेक्षा जास्त! स्पिन 3500 वर नेला तर लिफ्ट वजनाच्या जवळजवळ दुप्पट होते. बॉल पुढे जायचा सोडून वर चढत राहतो, हवेचा रोधही वाढतो, आणि शेवटी तो उभा खाली पडतो. गोल्फवाले याला 'बलूनिंग' म्हणतात. अशा खेळाडूला स्पिन कमी केल्याने फायदा होतो.

दुसरा खेळाडू घ्या, बॉलचा वेग सेकंदाला 55 मीटर. लिफ्ट साधारण वेगाच्या वर्गाबरोबर बदलते, त्यामुळे तिचा पाया निम्म्याजवळ येतो. याला 1800 फेऱ्यांचा बॉल दिला तर लिफ्ट 0.4 न्यूटनच्याही खाली, म्हणजे वजनापेक्षा कमी. बॉल लवकर जमिनीवर येतो. काठी तीच, परिणाम उलटा.

संख्याशास्त्रात याला इंटरॅक्शन म्हणतात: काठीचा परिणाम वेगावर अवलंबून आहे. समजा तुम्ही 20 खेळाडू घेतले, 10 वेगवान आणि 10 संथ. पहिल्यांना सरासरी 8 यार्ड फायदा, दुसऱ्यांना तेवढाच तोटा. एकत्र सरासरी शून्य. 'काहीच परिणाम नाही' असा निष्कर्ष छापला जाईल आणि तो वीसपैकी एकालाही लागू नसेल. उलट, फक्त क्लबातले पट्टीचे खेळाडू घेतले तर 'सगळ्यांनी हाच घ्या' असं निघेल, आणि 40-50 हजार रुपये मोजून संथ स्विंगचा माणूस अंतर गमावून बसेल.

वेग हा अर्धाच भाग झाला. 'कुशल' ही अट कुठून येते? मला हा भाग जास्त आवडतो, कारण तो काठीच्या पोटात आहे. स्पिन कमी करायला कंपन्या डोक्याचा गुरुत्वमध्य खाली आणि फेसच्या जवळ आणतात. मग फेसचा जास्त भाग गुरुत्वमध्याच्या रेषेच्या वर येतो. त्या रेषेच्या वर फटका बसला की डोकं किंचित मागे वळतं आणि दोन दातेरी चाकांसारखा बॉल उलट दिशेने फिरू पाहतो, म्हणजे बॅकस्पिन कमी होतो. पण वजन पुढे आणलं की ते मागच्या काठावर उरत नाही, आणि डोक्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया घटतो. फटका मधोमध बसला नाही तर डोकं जास्त वळतं, वेग जातो, दिशा बिघडते. ज्याचे फटके फेसवर एका नाण्याएवढ्या जागेत बसतात त्याला याची फिकीर नाही. ज्याचे सगळीकडे बसतात त्याने फक्त 'सर्वांत लांब फटका' पाहून निवड केली, तर उरलेले फटके झाडीत शोधावे लागतील. म्हणून मोजताना सरासरी अंतराबरोबर फटक्यांचा विखुरलेपणाही मोजा, आणि 'हा वाईट लागला' म्हणून एकही नोंद गाळू नका. विखुरलेपणाची माहिती त्या वाईट फटक्यांतच असते.

2013 मध्ये टेलरमेडने एसएलडीआर हा असा पुढे गुरुत्वमध्य असलेला ड्रायव्हर आणला. त्याबरोबर कंपनीचा सल्ला होता की नेहमीपेक्षा जास्त लॉफ्ट घ्या. म्हणजे एक घटक बदलला की दुसराही बदलावा लागतो. तुलनेत दोन्ही काठ्यांचा लॉफ्ट सारखाच ठेवला तर ती 'न्याय्य' दिसते, पण प्रत्यक्षात एका काठीवर अन्याय करते.

जागेचाही प्रश्न आहे. आमच्या डोंगरी-उत्तनकडे किनाऱ्यावर टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोरांना ठाऊक असतं की समुद्रावरचा वारा समोरून असला की उंच मारायचं नाही. गोल्फमध्येही तेच. सेकंदाला 5 मीटरचा वारा समोरून आला तर 75 मीटरने निघालेल्या बॉलवर रोध सुमारे 14 टक्क्यांनी वाढतो, लिफ्टही वाढते, आणि जास्त स्पिनची शिक्षा मोठी होते. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. तिथली हवा मुंबईपेक्षा साधारण 5 ते 6 टक्के विरळ, त्यामुळे लिफ्ट आणि रोध दोन्ही कमी. टोकियो ऑलिम्पिक खेळलेल्या पुण्याच्या उदयन मानेसारख्या खेळाडूने येरवड्याच्या कोर्सवर जुळवलेली काठी चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवर तशीच वागेल, असं भौतिकशास्त्र सांगत नाही.

मग प्रयोग कसा मांडायचा? प्रश्न असा लिहा: 'बॉलचा कोणता वेग ओलांडला की कमी स्पिनचा फायदा सुरू होतो, आणि फटक्यांचा विखुरलेपणा किती असेपर्यंत तो टिकतो?' प्रत्येक खेळाडू दोन्ही काठ्यांनी मारेल. क्रम चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर दुसऱ्या काठीच्या वाट्याला दमलेले हात येतील. बॉल एकाच प्रकारचा ठेवा, सरावाच्या बादलीतला नको, त्याचा स्पिन वेगळा असतो. आणि शक्य असेल तर सरकवता येणारं वजन असलेली एकच काठी वापरा: वजन एकदा पुढे, एकदा मागे. शाफ्ट तीच, पकड तीच, रंगही तोच. खेळाडूकडे तोंड न करता वजन हलवलंत तर आपण कोणत्या मांडणीने मारतोय हेही त्याला पटकन कळणार नाही.