दूरच्या संगणकाची किल्ली

आंबेगाव तालुक्यातील शिनोली हे घोडेगावहून डिंभे धरणाकडे व पुढे भीमाशंकरकडे जाणाऱ्या मार्गावरील गाव होय. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांपैकी 14 मध्यवर्ती भागात असून उरलेल्या 16 तीन भुजांवर, सुमारे 25 किलोमीटर विस्तारात पसरल्या आहेत. 2002 पासून ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली आहे.

या तबकड्या वळविण्यासाठी प्रत्येकीपाशी माणूस जात नाही. नियंत्रण कक्षातील संगणकावरून दिलेल्या आज्ञा प्रकाशतंतूंच्या जाळ्यातून तेथवर पोहोचतात. मिळालेल्या माहितीचे विश्लेषणही ‘कासा’सारख्या आज्ञावलींत, बहुतांशी कळफलकावर आज्ञा टंकित करूनच केले जाते. यंत्र एका ठिकाणी आणि काम करणारा दुसऱ्या ठिकाणी, ही पद्धत आता केवळ प्रयोगशाळांपुरती राहिलेली नाही. शिनोलीतील शाळेच्या वा पंचायतीच्या संगणकावर बसूनही ती अनुसरता येते. मात्र त्यासाठी सुरक्षिततेचा एक नियम कसोशीने पाळावा लागतो.

शब्दांनी चालणारा संगणक

चित्रे व खिडक्यांऐवजी केवळ शब्दांनी संगणकास काम सांगण्याच्या पद्धतीस आज्ञा-ओळ म्हणतात. तिचा मोठा लाभ असा की, तारेवरून फक्त अक्षरे जातात. त्यामुळे मंद जोडणीवर आणि जुन्या यंत्रावरही काम अडत नाही. दिलेल्या आज्ञा लिहून ठेवता येतात, तपासता येतात व पुन्हा जशाच्या तशा देता येतात. शिक्षकाच्या दृष्टीने हे विशेष मोलाचे आहे, कारण विद्यार्थ्याचे नेमके कोठे चुकले ते त्याच्या आज्ञांवरून दाखविता येते.

या कामासाठी लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली सोयीची आहे. विंडोज असलेल्या यंत्रावरही, ते न काढता, तिच्या अंतर्गत लिनक्स बसविता येते. त्यानंतर तीन गोष्टी लागतात : मजकूर लिहिण्यासाठी नॅनो किंवा विम हा संपादक, कार्यक्रम रचण्यासाठी पायथनसारखी भाषा, आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे गिट हे साधन. या तिन्हींस मूल्य पडत नाही.

किल्ली आणि कुलूप

पूर्वी दूरच्या संगणकावर जाण्यासाठी टेलनेट ही पद्धत होती. तीत परवलीचा शब्द उघडाच प्रवास करीत असे व वाटेत कोणालाही तो वाचता येई. 1995 मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असे शब्द चोरले गेले. त्यावर उपाय म्हणून तेथील टाटू युलोनेन यांनी एसएसएच ही पद्धत तयार केली. 1999 मध्ये निघालेली तिची ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती आज सर्वत्र वापरात आहे.

या पद्धतीत किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली ही कुलपासारखी असून ती दूरच्या संगणकावर बसवावयाची असते व कोणी पाहिली तरी बिघडत नाही. खाजगी किल्ली मात्र मालकाच्याच यंत्रात राहते. दूरचा संगणक ओळख विचारतो, तेव्हा खाजगी किल्लीने केलेली सही तेवढी तारेवरून जाते, किल्ली स्वतः कधीच जात नाही.

मांडणीचा क्रम

पुढील नावे यंत्रावर रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकित करावयाची असतात.

1. ‘एसएसएच-कीजेन’ या आज्ञेने किल्ल्यांची जोडी करावी व खाजगी किल्लीस परवलीचे वाक्य लावावे.

2. ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने सार्वजनिक किल्ली दूरच्या संगणकावर पोहोचवावी.

3. पहिल्या भेटीत तो संगणक आपला ‘ठसा’ दाखवितो. त्याच्या व्यवस्थापकाकडून खात्री करून घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

4. किल्लीने प्रवेश मिळतो हे पडताळल्यानंतरच परवलीच्या शब्दाने होणारा प्रवेश व मुख्य व्यवस्थापकाच्या खात्यावरील थेट प्रवेश बंद करावा. क्रम चुकल्यास आपणच बाहेर राहतो.

5. दूरच्या संगणकावर ‘टीमक्स’ चालू करून त्यात काम करावे. गावात वीज गेली वा जोडणी तुटली तरी तेथील काम चालूच राहते व नंतर तेथूनच पुढे नेता येते.

पंचायतीसाठी बोध

हेच तत्त्व पंचायतीच्या रोजच्या व्यवहारात आले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 ने अंकीय स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता दिली. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीत सरपंच व सचिव यांच्या अशा स्वाक्षऱ्यांनी पंचायतीची देयके अदा होतात. स्वाक्षरीच्या छोट्या साधनात असते ती खाजगी किल्लीच. सोयीसाठी ते साधन व त्याचा संकेतांक दुसऱ्याच्या हाती ठेवणे म्हणजे कोऱ्या धनादेशांवर सह्या करून पुस्तक टेबलावर ठेवण्यासारखे आहे. विशेषतः नव्याने निवडून आलेल्या सदस्यांच्या व महिला सरपंचांच्या बाबतीत, त्यांची किल्ली त्यांच्याच हाती राहणे हा तांत्रिक तपशील नसून अधिकाराचा प्रश्न आहे.

म्हणून एका माणसास एक किल्ली, हा नियम कार्यालयाने ठरवून घ्यावा. सामाईक खाते ठेवू नये. कर्मचारी बदलून गेल्यास त्याची सार्वजनिक किल्ली दूरच्या संगणकाच्या यादीतून त्याच दिवशी काढावी. अंकीय स्वाक्षरीचे साधन हरवल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेस कळवून ते रद्द करून घ्यावे. संगणकात कोणी अनधिकृत शिरल्याचे आढळल्यास ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेस सहा तासांच्या आत कळविणे 2022 च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांवरही बंधनकारक आहे.

एक जुना संगणक, साधी जोडणी व जपलेली किल्ली एवढ्या सामग्रीवर गावातील विद्यार्थी दूरच्या मोठ्या यंत्रावर काम शिकू शकतो. त्यासाठी प्रथम शहर गाठण्याची गरज नाही. यंत्र दूर असले तरी त्यावर उमटणारी सही आपली असते, ही जाणीव त्यास पहिल्याच पाठात दिली जावी.