मतभेद मोजावेत की समजून घ्यावेत?

समजा, हिंगण्यातील एका शाळेत शिक्षकांची सभा चालू आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी निवडक चार विद्यार्थ्यांचीच तयारी करून घ्यावी, असे काहींचे मत आहे. सर्व मुलांना प्रयोग करायला मिळावेत, असे इतरांना वाटते. मुख्याध्यापक हात वर करायला सांगतात आणि बहुमताने ठराव संमत होतो. पुढे मात्र हरलेली मंडळी कामात मनापासून उतरत नाहीत. असे का होते?

मतदानात मते मोजली जातात, त्यांमागची कारणे नाहीत. अमेरिकेतील विचारवंत मेरी पार्कर फॉलेट (१८६८–१९३३) यांनी वाद सोडविण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत: एका बाजूची सरशी, तडजोड आणि समन्वय. त्यांचे उदाहरण साधे आहे. ग्रंथालयाच्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेट यांना बंद. अखेर शेजारच्या रिकाम्या खोलीतील खिडकी उघडली. एकाला मोकळी हवा हवी होती आणि दुसऱ्याला अंगावर वारा नको होता. कारणे कळली आणि दोघांचेही काम झाले.

पण कारण कळण्यासाठी विरोधी मत आधी बोलले गेले पाहिजे. १९५१ च्या सुमारास सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने रेषांच्या लांबीची तुलना करण्याचे प्रयोग केले. गटातील इतर सर्वजण ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर देत. तेव्हा उत्तर उघड दिसत असूनही प्रयोगातील व्यक्तींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटाप्रमाणे चुकली. गटातील एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी चुका सुमारे चौपटीने घटल्या. म्हणजे विरोधी मताला एक सोबती मिळाला, तरी तोंड उघडते.

हे तत्त्व व्यवहारात पाहायचे, तर विदर्भातच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव आहे. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचे सहकार्य लाभलेल्या या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत रुजवली. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले. २०१३ साली गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला.

सर्वसहमतीची अट म्हणजे एकट्या पडलेल्यावर दडपणच नाही का, ही शंका रास्त आहे. ॲशचे प्रयोग तोच धोका दाखवतात. मेंढ्यात यावर दोन उपाय आहेत. अभ्यासगटात फक्त चर्चा होते, निर्णय होत नाही. त्यामुळे तेथे कोणी हरत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, आणि तेथे एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. वेळ जास्त लागतो, पण झालेला निर्णय सर्वांचा असतो.

तातडीच्या प्रसंगी ही रीत चालणार नाही. शाळेला आग लागली असता चर्चा कोण करील? एरवी मात्र मुख्याध्यापकांना तीन गोष्टी करता येतील. चर्चेपूर्वी प्रत्येकाकडून मत चिठ्ठीवर लिहून घ्यावे. स्वतःचे मत शेवटी सांगावे. आणि ‘काय हवे?’ याबरोबर ‘का हवे?’ हेही विचारावे.

आपल्या सभेत तसे विचारले असते, तर एका बाजूला शाळेचे नाव व्हायला हवे आहे आणि दुसरीला मुलांचे हात प्रयोगाला लागायला हवे आहेत, हे कळले असते. मग प्रत्येक वर्गात प्रयोग करून त्यांतूनच प्रदर्शनासाठी निवड करता आली असती. तो ठराव दोन्ही बाजूंनी आपला मानला असता.